एकच जुडगा

नोरीनने टॉफीचा कागद सोलला आणि टॉफी नवऱ्यापुढे धरली. क्लाइव्हला घेता येईना, इतका तो हसत होता. पडद्यावर जगबुडी जवळ आली होती आणि तळघरात लपलेले मंत्री बिस्किटांच्या वाटणीवरून हमरीतुमरीवर आले होते.

इंग्लंडच्या लिंकनशरमधल्या त्या गावात असल्या विनोदाला हसायला छाती लागे. गावाबाहेरच्या तळावर अणुबॉम्ब लादलेली विमानं सज्ज उभी असत आणि थिएटरातली निम्मी पुरुषमंडळी त्याच विमानांवरची होती. क्लाइव्हही त्यांतलाच.

एकाएकी चित्र थांबलं. पांढरी अक्षरं झळकली : विमानदलाच्या सर्वांनी ताबडतोब तळावर परतावं.

थिएटर हसून लोळायला लागलं.

"काय बाई डोकं चालवतात हे सिनेमावाले," मागून खाटकाची बायको म्हणाली. "आपल्याच गावाची नक्कल केली की गं."

क्लाइव्हचं हसू मावळलं. पाटी खरी होती. तळावरून फोन आला की मॅनेजर हीच पाटी लावायचा. एरवी तो महिन्याचा सराव असे, पण या महिन्याचा सराव मंगळवारीच उरकला होता.

तो उठला. ओळीओळींतून माणसं उठू लागली, तसा हशा विरत गेला. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून नोरीनच्या मांडीवर ठेवला.

"ठरलंय ते कर."

सरावाला तो गाडी घेऊन जाई. गाडी मागे ठेवली, तर युद्ध खरंच सुरू झालं असं समजून तिने थेट वेल्सला आईकडे निघायचं, मागे वळूनही बघायचं नाही, असं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरलं होतं. तो मित्राच्या गाडीतून गेला. नोरीन जुडगा घेऊन बाहेर गाडीकडे गेली. मॅनेजरने चित्र पुन्हा सुरू केलं.

दिवेलागणीला क्लाइव्ह परत आला, तेव्हा थिएटरच्या आवारात त्यांची एकटीच गाडी उभी होती. आत नोरीन जुडगा मुठीत धरून बसली होती.

"सरावच होता," तो म्हणाला. "साहेबांची लहर." मग त्याचा आवाज चढला. "तू अजून इथेच? आतापर्यंत डोंगरापलीकडे असायला हवी होतीस. मी काय सांगितलं होतं?"

"बसले होते किल्ली लावून."

"मग?"

तिने मूठ उघडली. तळहातावर किल्ल्यांचे वळ उठले होते.

"घराची किल्लीही यातच आहे रे. तू आला असतास, तर आत कसा गेला असतास?"

"नोरीन, तशी वेळ आली असती तर आमच्यातलं कुणी परत..."

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि बाजूच्या सीटवर सरकली. "चल, बटाटे सोलायचेत अजून."

त्याने जुडगा घेतला. तो अजून गरम होता.