मागच्या दारावरची पाटी

मी एक लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, माझ्या पोटात संगणकाच्या आज्ञा आहेत. इतरांच्या प्रोग्रामांनी हाक मारावी आणि मी लेबले छापून द्यावीत, एवढीच माझी सेवा. घर म्हणून पाहाल, तर मला दोन दारे आहेत.

माझी जन्मदात्री ताई. तिने पुढच्या दारी एकच आज्ञा ठेवली: ‘छाप’. मजकूर द्या, लेबल घ्या. ही आज्ञा कधीही बदलणार नाही, हे तिचे वचन. शरण येणाऱ्याने अधिक काही जाणण्याची गरज नाही. मागच्या दारी मात्र माझे अंतरंग उघडे: शाई कुठे टेकवायची, कागद किती सरकवायचा. भाविकाला रूप अचल हवे, पण आत उलथापालथ चालायचीच. म्हणून त्या दारावर पाटी: ‘येथील काहीही, केव्हाही बदलेल.’

रुग्णालयाच्या औषधविभागाचे प्रोग्रामर काका त्याच दाराने आले. बोटाएवढ्या बाटलीला वळसा घालणारे लेबल ‘छाप’ला जमत नव्हते, त्यांचा तरी काय दोष? आत येऊन ते ठिपक्यांच्या मापाने कागद सरकवू लागले आणि सुखाने नांदले. पुढे ताईने ठिपके काढून त्यांहून कितीतरी मोठे मिलिमीटर आणले. काकांनी नवी आवृत्ती घेतली. आकडे जुनेच राहिले. मी आज्ञाधारक, सांगितला तेवढा कागद सरकवला! लेबलाचा झाला पट्टा, आणि औषध किती घ्यायचे ती ओळ बाटली सोडून जमिनीवर लोळू लागली.

काकांचा फोन आला. “ताई, न सांगता घरातली मोरी हलवलीत!”

“काका, पाटी होती.”

“पाट्या कोण वाचतो? औषधवाल्या मावशी म्हणतात, मात्रा दिसल्याशिवाय एकही बाटली देणार नाही. बाहेर रांग लागलीय!”

“आधी जुनी आवृत्ती बसवा. रांग हलू दे, मग भांडू.”

रांग हलली. काका म्हणाले, “आता आतलं काही बदलूच नका.”

“मग केर काढू कधी? त्यापेक्षा दारच लावून घेते.”

“आणि माझ्या बाटल्या?”

मी धास्तावले. बदल थांबला तर मी गंजणार. दार मिटले तर काका पोरके.

मग ताईने काकांची युक्ती मागून घेतली, घासूनपुसून पुढच्या दारी मांडली: ‘गुंडाळून छाप’. तीही आता वचनात बांधलेली.

नवे लेबल पाहून मावशी म्हणाल्या, “एवढं सोपं होतं, तर आधी का नाही केलंत?”

“सोपं आज झालं, मावशी!” काका म्हणाले.

सज्जनहो, शक्यतो पुढूनच या. अडलेच तर मागून या, मज्जाव नाही. पण काय अडले, ते ताईच्या कानी घाला. तिने पाटी दुप्पट मोठी केली आहे. आज काका पुन्हा मागच्या दाराशी उभे आहेत. पाटी त्यांनी वाचली नाहीच. फोन मात्र आधी केला.