चार बोटं उंच

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे आणि स्वभावानं हेवेखोर आहे. माझ्या बैठकीचा वेत कितीदा तरी बदलला, पॉलिश बदललं, एक हातही बदलला. स्वभाव तेवढा बदलला नाही. म्हणून माझी गोष्ट सांगताना मी कुणाविषयी वाकडं बोलले, तर मनावर घेऊ नका. मला ते आवरत नाही.

माझा जन्म कंधारचा. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जिलानी मिस्त्रींचं दुकान होतं. त्या वेळी अहमदपूरच्या कचेरीत एक फार उंच अधिकारी आले होते. कुठल्याही खुर्चीत बसले की त्यांचे गुडघे वर येत आणि ते उकिडवे बसल्यासारखे दिसत. त्यांनी जिलानी मिस्त्रींना बोलावून घेतलं आणि त्यांच्या मापानं मला घडवलं गेलं. पाय लांब, पाठ सरळ, हात रुंद आणि बैठक बारीक विणीच्या वेताची. बैठकीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मिस्त्रींनी छोटीशी चंद्रकोर कोरली. ती त्यांची खूण होती.

कचेरीतल्या सगळ्या खुर्च्यांमध्ये मी उंच होते, आणि याचा मला फार गर्व होता. लोक दारातून आत येताना वाकून नमस्कार करायचे. ते मलाच नमस्कार करतात, असं मला वाटायचं. पुढे त्या उंच अधिकाऱ्यांची बदली झाली. नंतर जे साहेब आले त्यांचे पाय माझ्यावर बसल्यावर लोंबकळायचे. पण खुर्ची उंच आहे म्हणजे मान मोठा, असं त्यांना वाटायचं, आणि साहेबांचे पाय लोंबतात हे त्यांना सांगणार कोण? माझे दिवस मजेत चालले होते.

मग लातूर जिल्हा नवा झाला. नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि तालुक्यातालुक्यांतून जुनं सामान ट्रकमध्ये भरून लातूरला नेलं गेलं. मीही त्यात होते. ट्रकमध्ये उलटी टाकलेली असतानाही माझ्या डोक्यात एकच विचार होता. तालुक्याची खुर्ची आता जिल्ह्याची होणार! साहेबांच्या खोलीत बसायचं, पाठीवर पांढरा टॉवेल पडायचा, शेजारी घंटी ठेवली जायची. सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं.

लातूरला उतरले आणि साहेबांच्या खोलीत ती बसलेली दिसली.

लाल रेग्झिनची होती ती. खाली चाकं, पोटात आट्यांचा जाड लोखंडी खांब. डावीकडे फिरवली की वर चढायची, उजवीकडे फिरवली की खाली उतरायची. वरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. लोक येऊन तिला हात लावून जायचे, आणि व्यंकटी शिपाई तर कुणी नसताना तिला एक गिरकी देऊन बघायचा. आम्ही जन्मात कधी गिरकी घेतली नाही. माझा जीव जळून कोळसा झाला.

मला टायपिस्टच्या खोलीत टाकलं गेलं. लोखंडी नव्या खुर्च्या जुन्या कारकुनांनी आधीच पळवल्या होत्या. उरले मी आणि उरली होती पंचशीला. ती नव्यानंच लागली होती, तीही तात्पुरती. बांध्यानं बुटकी, बोटं मात्र फार चपळ. माझ्यावर बसली की तिचे पाय फरशीपासून वरच राहायचे. टाइपरायटरचं टेबल ठेंगणं, म्हणून तिला कमरेतून वाकावं लागायचं. दुपारपर्यंत तिच्या पायांना मुंग्या यायच्या आणि पाठ भरून यायची. मला काय त्याचं! ती वाकली तरी तिचं डोकं कचेरीत सगळ्यांच्या वर असायचं, आणि मधल्या अर्ध्या पडदीवरून ते थेट साहेबांच्या खोलीत दिसायचं. त्या लाल बाईलाही ते दिसत असणार, एवढ्यावर मी खूश होते.

साहेबांचं नाव महादेवप्पा. एक दिवस त्यांनी व्यंकटीला आत बोलावलं.

“व्यंकटी, ती टायपिस्ट माझ्यापेक्षा उंच कामून बसून राहिली रे?”

“खुर्ची उंच हाय साहेब. बाई तर बुटक्याच हायत.”

“मग माझी वर घे.”

व्यंकटीनं लाल खुर्ची डावीकडे फिरवली. साहेब बसले, पडदीवरून बघितलं आणि म्हणाले, “आणखी.” पुन्हा फिरवली. शेवटी साहेबांचं डोकं पंचशीलाच्या वर गेलं, पण पाय हवेत राहिले. ते झाकायला टेबलाखाली एक लाकडी खोकं आलं. खोक्याचं गुपित साहेबांना, व्यंकटीला आणि आम्हा दोघी खुर्च्यांनाच माहीत होतं. माझ्यामुळे तिला वर चढावं लागलं, या विचारानं मी कितीतरी दिवस सुखात होते.

पंचशीलाच्या पायाखाली ठेवायला व्यंकटीनं जुन्या कागदांचे गठ्ठे आणून दिले. तिनं ते लगेच उचलून डोक्याला लावले आणि बाजूला ठेवले. “कागदावर पाय कसा ठेवू हो, व्यंकटीमामा? ह्याच कागदानं तर मी इथवर आले.” मग त्यानं विटा आणल्या, पण त्या डुगडुगायच्या.

तेवढ्यात दुष्काळ आला. नवा जिल्हा आणि कोरडं आभाळ अशी जोडी जमली. विहिरींचे तळ दिसू लागले. कोणत्या गावाला पाण्याचा टँकर कधी जाईल, त्याचे आदेश आमच्या कचेरीतून निघायचे आणि ते सगळे पंचशीला टाइप करायची. कागद सकाळी येत आणि संध्याकाळपर्यंत पक्के व्हावे लागत. ती वाकून वाकून बडवत राहायची, मध्येच थांबून कमरेवर मूठ आपटायची आणि पुन्हा वाकायची.

अशाच एका दुपारी तिच्या हातून एक गाव सुटलं. रेणापूरकडची एक लहानशी वाडी. त्या आठवड्यात तिथं टँकर गेलाच नाही.

पारूबाई नावाची म्हातारी बाई रिकामी घागर घेऊन थेट कचेरीत आली. घागर तिनं साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“आमची वाडी मेली का जिती हाय, ते सांगा आधी. लेकरं चिखल गाळून पिऊन राहिलीत!”

साहेबांनी कागद मागवला. वाडीचं नाव नव्हतं. त्यांनी पंचशीलाला सगळ्यांसमोर उभं केलं. “ही चूक झाली ती झाली. पुन्हा एक झाली तर तुमची नेमणूक संपली. दुसऱ्या मुली लई हायत.” मग त्यांनी त्याच वेळी हातानं चिठ्ठी लिहून टँकर वाडीला पाठवला.

पंचशीला येऊन माझ्यावर बसली. मान खाली, डोळ्यांत पाणी. पारूबाई तिला आणखी बोलायलाच तिच्या मागून आली होती. पण दारात ती थबकली.

“अगं बाई! तुझे पाय तर पाळण्यातल्या लेकरावाणी लोंबून राहिलेत. लेकराला का लिहायला बसवलंय इथं?”

पंचशीलानं खाली बघितलं. रोज तेच पाय तिथंच लोंबायचे, पण त्या दिवशी तिनं बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग उठून पुन्हा साहेबांच्या खोलीत गेली. ती काय मागणार ते मला कळलं, आणि माझ्या चारही पायांत कापरं भरलं.

“साहेब, खुर्चीचे पाय चार बोटं कापून द्या. चूक व्हणार न्हाई.”

सरकारी खुर्ची कापायची परवानगी कोणी देत नाही, या आशेवर मी होते. पण साहेबांनी पडदीवरून माझ्याकडे पाहिलं, मनाशी काहीतरी मोजलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. “हाव, कापा की. चार बोटं कशाला, आठ कापा!”

मिस्त्री आला तो निजामोद्दीन. त्यानं मला उलटं केलं आणि चंद्रकोरीवर बोट ठेवून तसाच बसून राहिला. तो जिलानी मिस्त्रींचा मुलगा होता. “ताई, ही आमच्या अब्बाच्या हातची हाय,” तो म्हणाला. “हिला करवत लावायला हात न्हाई व्हत.”

“दादा, तुमच्या अब्बांनी समोरच्या माणसाचं माप घेऊनच केली असंल ना? मग आता माझं घ्या,” पंचशीला म्हणाली.

त्यानं पिशवीतून करवत काढली. तिनं स्वतः गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली आणि त्याच्या हातात दिली. करवत फिरली. मित्रांनो, पाय कापून घेणं सोपं नसतं. लाकूड तुटण्याच्या दुःखापेक्षा पलीकडची ती लाल बाई हे सगळं बघते आहे, याचंच मला जास्त लागलं. कापलेले चार तुकडे पंचशीलानं फेकले नाहीत. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडायचे, त्यांच्यावर ती ते ठेवू लागली.

मग ती माझ्यावर बसली. तिची दोन्ही पावलं फरशीला सपाट टेकली. तिनं पाठ सैल सोडली आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. इतक्या वर्षांत इतके लोक माझ्यावर बसले होते, पण तसा श्वास कुणी घेतला नव्हता. त्याच दिवशी तिनं टेबल फिरवून घेतलं, म्हणजे खिडकीचा उजेड डावीकडून कागदावर पडेल. मूळ कागद डोळ्यांसमोर उभा राहावा म्हणून पाटी तिरकी टेकवली, आणि रोज लागणाऱ्या फायली हाताच्या टप्प्यात आणल्या. दुष्काळ सरेपर्यंत तिच्या हातून एकही गाव सुटलं नाही. त्या दिवसांत मला त्या लाल खुर्चीची आठवणही फारशी यायची नाही. एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

पण साहेब दिवसभर डावीकडून गिरक्या घेत पडदीवरून बघायचे, आणि लाल खुर्ची डावीकडे फिरत फिरत आणखी वर चढायची. एका दुपारी आटे संपले. बैठक खांबावरून सुटली आणि साहेब खोक्यावर आदळत खाली आले. मी हसले. खरंच हसले!

साहेबांना फारसं लागलं नाही. व्यंकटीनं घाईघाईत जी खुर्ची जवळ सापडली ती ओढून नेली, आणि ती मी होते. साहेब बसले. त्यांचेही पाय जमिनीला टेकले. त्यांनी दोन्ही पावलं फरशीवर घासून बघितली. मग हळूच म्हणाले, “व्यंकटी, ही इथंच राहू दे. ती दुरुस्त करून तिकडं दे.”

जे मी आयुष्यभर मागितलं ते मला असं मिळालं. साहेबांची खोली, पांढरा टॉवेल, घंटी. पडदीपलीकडे दुरुस्त झालेली लाल खुर्ची गेली. पंचशीलानं तिला उजवीकडे फिरवत आपल्या मापापर्यंत खाली आणलं आणि पाय टेकवून काम सुरू केलं. बोटांचा तोच वेग, तीच न चुकणारी लय. काम रंगात आलं की ती गुणगुणायची, ते आता त्या लाल बाईच्या पाठीला टेकून. माझे कापलेले तुकडेसुद्धा तिच्याच टेबलावर होते. मित्रांनो, मी माझ्याच तुकड्यांचा हेवा केला. टॉवेलात काय ठेवलंय, हे मला तेव्हा कळलं.

वर्षं गेली. साहेब बदलले, पंचशीला कायम झाली, परीक्षा देत देत वर चढली आणि शेवटी त्याच कचेरीत अधिकारी झाली. तोवर कचेरीत काळ्या जाळीच्या खुर्च्या आल्या होत्या आणि आम्ही दोघी मागच्या कोठडीत शेजारी शेजारी धूळ खात होतो. मी त्या लाल बाईशी बोलले नाही.

पंचशीलाच्या निवृत्तीच्या आधी जुनं सामान काढायचं ठरलं, तेव्हा ती कोठडीत आली. केस पांढरे झालेले. आधी ती माझ्यावर बसली, मग लाल खुर्चीवर. उठून म्हणाली, “लाल मी लिलावात घेते. घरी सून उंच हाय, नात बुटकी, कमीजास्त तर करता येईल. ही रेणापूरच्या शाळेला द्या. उंच माणसाला कामाची न्हाई, लेकरांचे पाय मात्र टेकतील.”

मी पुढचं ऐकलं नाही. ती लाल बाई टेम्पोत चढून पंचशीलाच्या घरी गेली, एवढंच मी पाहिलं.

मी इथं तुमच्या शाळेत आले ती अशी. वाचनाच्या कोपऱ्यात मला ठेवलंत, माझ्यासाठी भांडलात, एकमेकांना ढकललंत. तरी मी रुसूनच होते, हे तुमच्या लक्षातही आलं नसेल.

मागच्या झेंडावंदनाला पंचशीलाबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या, आठवतं? मुख्याध्यापकांची गुबगुबीत खुर्ची मांडवात आणली होती, पाठीवर नवा टॉवेल टाकला होता. त्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या, पण बसल्या नाहीत. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “माझी खुर्ची कुठं हाय?”

तुमच्यातलेच दोघं धावत येऊन मला उचलून घेऊन गेले. पंचशीलाबाईंनी चपला काढल्या, बसल्या आणि दोन्ही पावलं मातीवर टेकवली. तसाच लांब श्वास घेतला.

मित्रांनो, पुढे तुम्हीही कधीतरी कुणासाठी खुर्ची निवडाल, स्वतःसाठी किंवा हाताखालच्या माणसांसाठी. तिचा रंग बघा, चाकं बघा, हवं तर गिरकीही घेऊन बघा. पण बसणाऱ्याचे पाय टेकतात का, हे खाली वाकून एकदा नक्की बघा, आणि टेकत नसतील तर माणसाला ताणू नका, खुर्ची कापा. आणि माझा वेत पुन्हा सैल झालाय, तेवढा विणून घ्या. त्या लाल बाईवर म्हणे पंचशीलाबाईंची नात दिवसभर गरगर फिरते. फिरू दे. ‘माझी’ म्हणाल्या, ते मलाच.