जाड साल

वहिनीचा हात जाड आहे, हे सासूबाईंनी तिला लग्नानंतर चौथ्या दिवशी सांगितलं आणि पुढची सव्वीस वर्षं सांगतच राहिल्या. हात जाड म्हणजे मनगट जाड नव्हे. बटाटा सोलायला बसली की वहिनी सालीबरोबर पाव बटाटा उतरवायची. सासूबाईंची साल अशी पातळ निघायची की उजेडाकडे धरली तर पलीकडून माणूस ओळखता यावा. वहिनीच्या सालीला मात्र चांगलं अर्ध्या बोटाचं अंग असायचं. "अगं, तू साल काढतेस की बटाटा?" सासूबाई विचारायच्या. वहिनी मान खाली घालून पुढचा बटाटा घ्यायची आणि तोही तसाच सोलायची.

तिला तरी काय करायचं होतं? माहेरी जनावरं भरपूर, साली त्यांच्याच तोंडात जायच्या, म्हणून तिची आई मुद्दाम जाड सोलायची. लहानपणी लागलेलं वळण ते, म्हातारपणी थोडंच जातंय. शेजारणीच्या कोंबड्या गल्लीत सगळ्यांत गुबगुबीत होत्या, आणि ते कोणाच्या कृपेनं, हे शेजारीण मोकळेपणानं सांगायची. रोज दुपारी सालींची बादली कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची, शेजारणीनं ती उचलायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. सासूबाई भिंतीकडे बघून म्हणायच्या, "आपण राबायचं आणि जेवायचं त्यांच्या कोंबड्यांनी."

तर घर बटाटेवाल्यांचं. मोठ्या शेतात पांढरा बटाटा, तो सगळा बाजारात. घरामागे मात्र तीन सऱ्या पिवळ्याच्या. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी माहेराहून निळ्या फडक्यात बांधून आणलेलं वाण ते. वरून अगदी साधा, कापला की आत लोण्यासारखा पिवळा. बाजारात पिवळे मिळत नाहीत असं नाही, पण ते वेगळे आणि हा वेगळा. दरवर्षी खणून काढले की सासूबाई त्यातले धडधाकट, अंड्याएवढे वेचून टोपलीत ठेवायच्या आणि टोपलीच्या कडीला ते निळं फडकं बांधायच्या. फडकं बांधलं म्हणजे बियाणं. उपाशी मेलात तरी त्या टोपलीला हात लावायचा नाही. खायचे ते कुदळीनं कापलेले, वेडेवाकडे, बारके. घरात ह्या बाबतीत कोणाचं काही चालत नसे, सासऱ्यांचंही नाही.

आणि ते खाणं काय असायचं. सालीसकट उकडायचे, वर मीठ आणि प्रत्येकाच्या वाट्याला लोण्याचा गोळा. "कोरडा पिवळा अंगी लागत नाही," हे सासूबाईंचं ठरलेलं वाक्य. त्यांची मोठी लेक, म्हणजे वहिनीची नणंद, पुढे शिकून एका मोठ्या इस्पितळात रोग्यांचा आहार ठरवायच्या कामाला लागली. एका सुट्टीत येऊन तिनं जाहीर केलं, "आई, तू म्हणतेस ते पुस्तकात निघालं. मक्यात आणि अंड्याच्या बलकात असतो ना, तसलाच पिवळा रंग ह्याच्यात आहे. डोळ्यांना चांगला. पांढऱ्यात तो नावापुरता. आणि थोडी चरबी पोटात गेली तरच तो अंगात मुरतो." सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "एवढं कळायला तुला शहरात जायला लागलं?" असं म्हणून त्यांनी तिच्या ताटात आणखी लोणी घातलं.

आठ वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी ना लेकाला जवळ बोलावलं, ना लेकीला. वहिनीला बोलावलं. उशाखालून ते निळं फडकं काढलं, तिच्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "दहाचे वीस नाही केलेस तरी चालेल. पण वाण बुडवू नकोस." सव्वीस वर्षांत त्यांनी सुनेचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. वहिनी ते फडकं तोंडाला लावून मोरीत जाऊन रडली. आपल्यावर कोणी इतका विश्वास टाकला असेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिनं तो सांभाळलाही. दोन वर्षांपूर्वी करपा आला, पाच-सहा दिवसांत झाडं काळी पडली, तेव्हासुद्धा तिनं गुडघ्यावर बसून बोटांनी माती चाळून चाळून मूठभर बटाटे वाचवले. गेल्या हंगामात त्यांचे जेमतेम दोन टोपल्या झाले. एकीला फडकं बांधलं, बियाण्याचे अठरा. दुसरीत थोडे खायचे, ते नवऱ्यानं ताईसाठी, म्हणजे ह्याच नणंदेसाठी, राखून ठेवले. ताई अकरा वर्षं परदेशी मुलाकडे होती. आईच्या आजारपणात उभ्या उभ्या येऊन गेली तेवढीच. फोनवर दर वेळी तिचा एकच प्रश्न, "पिवळा आहे ना अजून?" आता ती कायमची परत आली होती, आणि लावणीच्या आठवड्यात घरी येणार होती.

आता ह्या नवऱ्याबद्दल सांगितलं पाहिजे. माणूस देवमाणूस, पण अळीमिळी गुपचिळी. घराला आग लागली तरी बायकोची झोप मोडू नये म्हणून हा आधी एकटाच पाणी ओतून बघेल. त्या महिन्यात ताईची टोपली आतून सडली. त्यानं ती गुपचूप उकिरड्यावर नेऊन टाकली आणि ठरवलं, ताई आली की सावकाश सांगू, बायकोला उगाच आधीपासून घोर कशाला. हे पहिलं न बोलणं. मग ताई यायच्या दिवशी सकाळी, कोठीच्या दारात कुदळीला धार लावताना बोट कापलं. हाताला लागलं ते पहिलं फडकं ओढून त्यानं बोटाला गुंडाळलं, बसची वेळ झाली म्हणून तसाच ताईला आणायला थांब्यावर गेला. हे दुसरं.

इकडे वहिनी कोठीत गेली. बघते तर एकच टोपली, आणि कडीला फडकं नाही. म्हणजे ही ताईची. बियाण्याची कुठे? तिला वाटलं, लावणीआधी बटाटे उजेडाला ठेवायचे असतात, ह्यांनी ती पडवीत नेली असणार. सांगितलं नाही म्हणावं तर हे सांगतात कधी? ताईसाठी किती निवडक, एकसारखे ठेवलेत, बहिणीची माया ती, असं मनाशी म्हणत तिनं टोपली उचलली. कोंब अजून फुटले नव्हते, डोळे जरासे फुगले होते इतकंच. सालीसकट उकडायचा रिवाज होता खरा, पण अकरा वर्षं परदेशी काढून आलेल्या माणसाला सोलत बसवायचं तिला पटलं नाही. तिनं अठराच्या अठरा सोलले, तिच्या पद्धतीनं.

ताई आली. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, बाकी तीच. दारातच म्हणाली, "वहिनी, वास आला मला, गेटपासून." हातपाय धुवायचीही वाट न बघता बसली. वहिनीनं वाफाळता वाडगा पुढे ठेवला, लोण्याचा गोळा सोडला. ताईनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ चावतच राहिली. "आईचं स्वयंपाकघर," एवढंच म्हणाली. मग तिला सगळं आठवत गेलं. आईनं लोणी मोजून वाढायचं आणि बाबांनी आपलं हळूच तिच्या ताटात सरकवायचं. भावानं बटाट्याला काड्या टोचून घोडा करायचा आणि मग तो खायला नको म्हणून भोकाड पसरायचं. वहिनी ऐकत होती आणि तिचं मन भरून येत होतं. ताई सांगत होती त्या घरात ती नंतर आली होती, तरी ते सगळं तिला आपलंच वाटलं.

तेवढ्यात नवरा सामान ठेवून, तोंड पुसत आत आला. वाडग्याकडे बघून जागच्या जागी थांबला.

"हे कुठले?" त्यानं विचारलं.

"कुठले म्हणजे? ताईंचे. कोठीतल्या टोपलीतले."

"अगं, ताईचे मागेच सडले. टाकून दिले मी."

वहिनीनं त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटाला निळं फडकं होतं, त्यावर रक्ताचा वाळलेला डाग.

ताईनं घास खाली ठेवला. वाडग्यात सात-आठ उरले होते, मऊ उकडलेले, वर लोणी. बाहेर तीन सऱ्या पाडून तयार होत्या, दोन दिवसांवर लावणी.

"माझंच चुकलं," नवरा म्हणाला. "मी बोलायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं," वहिनी म्हणाली. "साठ वर्षं टिकलेलं वाण, ताई. मी चुलीवर घातलं. सासूबाईंनी एक गोष्ट सांगितली होती मला, एक."

ताईनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आणि मी खाल्लं," ती म्हणाली. मग एकदम थांबली. "सोललेले आहेत हे. साली कुठायत?"

वहिनीला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा ती उठली ती थेट मागच्या दारी, अनवाणी. भिंतीवर बादली नव्हती. शेजारीण बादली घेऊन खुराड्याचं दार उघडत होती आणि कोंबड्या तिच्या पायांत घोटाळत होत्या. साठीला टेकलेली बाई, पण वहिनी त्या दिवशी भिंतीवरून गेली. दारानं जायचं तिला सुचलंच नाही.

"अगं, पडशील," शेजारीण म्हणाली. "झालं तरी काय?"

"साली दे माझ्या."

"आता सालीसुद्धा परत मागायला लागलीस?"

वहिनीनं बादली छातीशी धरली. पुढे शेजारीण ही गोष्ट जन्मभर सांगणार होती, पण त्या वेळी वहिनीचं तिकडे लक्ष नव्हतं.

स्वयंपाकघराच्या जमिनीवर तिघांनी वर्तमानपत्रं पसरली. चहाच्या चोथ्यातून एकेक साल काढून, पुसून मांडली. ताईनं एक उचलून चष्म्यापाशी नेली. आत फुगलेला डोळा होता, आणि डोळ्याच्या पाठीशी पिवळा गर, चांगला अर्ध्या बोटाचा. कोंबाला मुळं फुटेपर्यंत पोसायला तेवढा पुरतो, हे बटाटेवाल्यांच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. डोळा असलेल्या सत्तेचाळीस साली निघाल्या. नवऱ्यानं राख आणली आणि कुजू नयेत म्हणून प्रत्येकीच्या ओल्या बाजूला बोटानं लावत बसला.

ताई ती साल हातात फिरवत राहिली. "वहिनी," ती म्हणाली, "आज आईनं सोलले असते ना, तर काही म्हणजे काही उरलं नसतं."

वहिनी इतका वेळ रडली नव्हती, ती आता रडली. सासूबाईंची तिला इतकी आठवण आठ वर्षांत आली नव्हती. हे वाक्य ऐकायला त्या हव्या होत्या. त्यांनी नाक मुरडलं असतं, विषय बदलला असता, पण ऐकायला हव्या होत्या.

साली दोन दिवस वाळवल्या, मग पडवीत भुसभुशीत मातीच्या खोक्यांत उथळ लावल्या. ताई तीन दिवसांसाठी आली होती, ती राहिली. रोज सकाळी तिघं खोक्यांवर वाकायची. काही साली कुजल्या, काही नुसत्याच वाळल्या. बाविसाव्या दिवशी पहिलं पान दिसलं. सत्तेचाळीसांतून एकोणीस रोपं उभी राहिली, तीही काडीसारखी. पण उभी राहिली. ती घरामागे एकाच सरीत मावली, दोन सऱ्या मोकळ्या राहिल्या.

पीक काढायच्या दिवशी वहिनीनं कुदळ लावू दिली नाही. पुन्हा गुडघ्यावर बसून बोटांनी माती उकरली. बटाटे लिंबाएवढे, काही सुपारीएवढे. त्रेसष्ट भरले. नवऱ्यानं एक उचलून बायकोकडे पाहिलं. ताईनंही पाहिलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "यंदा एकही नाही."

"आई परत आली," ताई भावाला म्हणाली, आणि दोघंही हसली.

कोठीत एकटी असताना वहिनीनं टोपली भरली. निळं फडकं धुऊन, घडी करून ठेवलं होतं, डाग मात्र गेला नव्हता. तिनं ते कडीला बांधलं, एकावर एक दोन गाठी मारल्या, ओढून बघितल्या.

"अठराचे त्रेसष्ट झाले, सासूबाई," ती मोठ्यानं म्हणाली. "आणि हात अजून जाडच आहे."