गुडघ्याखालची कॉफी

शनिवारी सकाळी शाळेतल्या दिलाबाई नेहमीप्रमाणे झेफच्या घरी आल्या, इंग्रजीचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चल, प्रत्येक वाक्यात प्रिपोझिशनचा शब्दगट शोध. सापडला की खाली रेघ."

झेफ पंधरा वर्षांचा. श्कोदर शहराच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या गावात तो सहा वर्षं घराबाहेर पडला नव्हता. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्याच्या काकाने एका माणसाला गोळी घातली होती. काका तुरुंगात गेला, पण रूढी तुरुंग मानत नाही. मेलेल्याच्या घराला खुन्याच्या घरातला पुरुष हवा असतो. लहान मुलांना रूढी सोडते. झेफ वयाच्या मानाने उंच निघाला, म्हणून नवव्या वर्षीच पुरुष ठरला.

"आता तुझ्या मनाने सांग," बाई म्हणाल्या.

"कपाटावर. दारामागे. पलंगाखाली."

"घराबाहेरचं एखादं?"

त्याने बंद खिडकीकडे पाहिलं. "पुलावर."

"छान!"

"बाई, पूल अजून आहे ना?"

त्याची आई प्रेना चुलीकडे तोंड करून म्हणाली, "आहे रे बाबा. कुठे जातोय तो?"

जूनमध्ये नववीची परीक्षा होती. ती शाळेतच द्यायची, नाहीतर शिक्षण तिथेच संपलं. पाद्रीबाबांनी मध्यस्थी केली आणि मेलेल्याच्या घराने 'बेसा' दिली: सकाळी नऊ ते दुपारी बारा झेफला कुणी हात लावणार नाही. बेसा म्हणजे दिलेला शब्द. तो आमच्याकडे जिवापेक्षा मोठा. दुसऱ्याच्या जिवापेक्षा तर फारच.

परीक्षेच्या दिवशी मेलेल्याचा भाऊ फ्रान बंदूक मांडीवर घेऊन शाळेच्या फाटकाशी बसला होता. झेफ दिसताच उठला आणि त्याने सफरचंद पुढे केलं.

"खाऊन घे पोरा. उपाशीपोटी डोकं चालत नाही."

"आभारी आहे, फ्रानकाका."

"नीट लिही. बारापर्यंत."

बाक यादीच्या क्रमाने लावले होते, आणि यादीला वैर ठाऊक नसतं. झेफच्या शेजारी आला प्रेक, मेलेल्या माणसाचा मुलगा. बापाचं रक्त फेडायचं काम रूढीने त्याच्यावर सोपवलं होतं. त्याने आल्या आल्या झेफकडे खोडरबर मागितला.

प्रश्नपत्रिका आणणारी गाडी वाटेत एका वरातीमागे अडकली. पेपर सव्वादहाला सुरू झाला, संपणार पावणेएकला. दिलाबाई फाटकाकडे धावल्या.

"फ्रान, पाऊण तास वाढवून दे."

"बाई, बेसा काय चड्डीची नाडी आहे, सैल करायला?"

चर्चची घंटा बारा वेळा वाजली. झेफची पेन्सिल थांबली. खिडकीत फ्रानचं तोंड दिसलं.

"प्रेक, बारा वाजले. बाहेर ये."

"काका, शेवटचा प्रश्न चाललाय. शब्दगटांना रेघा मारायच्यात."

"किती राहिलेत?"

"सात."

फ्रानने विचार केला. शिक्षणाला त्याचा विरोध नव्हता. "मार. मग ये."

प्रेकने मान न वळवता विचारलं, "तुझं झालं?"

"चार राहिलेत," झेफ म्हणाला.

"सावकाश कर. आणि जाताना माझ्या पाठीला चिकटून चाल."

फाटकात फ्रानने बंदूक उचलली. "बाजूला हो, प्रेक."

"नाही होणार."

"तुझ्या बापाचं रक्त आहे, गाढवा!"

"बाबांचा चेहरा मला रोज आठवतो, काका. आणखी याचा आठवायला नको."

दोन पोरं एकामागे एक, आगगाडीचा खेळ खेळावा तशी, पुलावरून गेली. पुढे फ्रान शिव्या देत उलट्या पावलांनी चालत होता. झेफ घरात शिरला आणि प्रेनाने दाराला आडणा घातला.

दोघेही पास झाले. झेफ पहिला आला. वरची शाळा सात किलोमीटरवर, आणि फ्रान अजून बंदूक पुसतोच आहे. प्रेक मोकळा होता. पण सूड न घेणाऱ्या पुरुषाला आमच्याकडे कॉफी हातात देत नाहीत. वाढणारा पाय उचलतो आणि कप गुडघ्याखालून सरकवतो. प्रेकला ती आधी कॉफीच्या दुकानात मिळाली, मग आत्याच्या लग्नात, मग स्वतःच्या घरी, फ्रानकडून. त्यानंतर त्यानेही खिडक्या लावून घेतल्या. दिलाबाई आता शनिवारी दोन घरांत शिकवतात.

एका रविवारी प्रार्थना सुटल्यावर त्या सरळ कॉफीच्या दुकानात शिरल्या. तिथे बायका कधी बसत नसत. सगळ्या पुरुषांनी कप खाली ठेवले.

"एक कॉफी," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "गुडघ्याखालून."

"काय बोलताय बाई! तुम्हाला कशी देणार?"

"प्रेकला दिलीस ना? त्याला मी शिकवलंय. पाय उचल."

दुकानदाराने पाय उचलला, कप सरकवताना थोडी कॉफी सांडली. बाईंनी उरलेली सगळ्यांसमोर शेवटच्या घोटापर्यंत संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येते."

त्या येतात. आज सतरावा रविवार. आम्ही सगळे तिथेच असतो, आपापला कप हातात धरून, आणि त्यांच्या टेबलाकडे बघत नाही.