बरणीतला खोकला

बाबांच्या स्वेटरच्या कॉलरखाली प्रार्थनाकीटकांची अंडी फुटली आणि बाहेर आलेलं प्रत्येक पिल्लू बाबांसारखं खोकत होतं. बाबांना जाऊन महिना होत आला होता. ते गेले तेव्हा शालिनीआत्यानं रीतीप्रमाणे दिव्यापाशी पीठ चाळून पसरलं होतं आणि सकाळी त्यावर सुईच्या टोकांसारखी पावलं उमटली होती. पुढचा जन्म किड्याचा, असं म्हणून आत्या चहा ठेवायला गेली होती.

बाबा मला एका नावानं हाक मारायचे, घरात दोघंच असताना. ते गेल्यापासून मला ते नाव आठवत नाही. आत्याला विचारलं. तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं.

पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात. म्हणून मी प्रत्येकाला वेगळी बरणी दिली, तोंडाला मलमल बांधली, कात टाकताना उलटं लटकायला आत काटकी उभी केली. पिकल्या केळ्यावर चिलटं वाढवून त्यांना घातली. बरण्या खोकत राहिल्या. शब्द नव्हते.

मग एक मलमल सैल राहिली आणि एकानं शेजारच्याला खाल्लं. पुढचे पाय नीट पुसून ते बाबांच्या आवाजात म्हणालं, "पंखा बारीक कर."

त्या दुपारी बेडरूम एका फरशीनं आखूड झाली. कपाटाचं दार पलंगाला अडू लागलं.

मी दुसरी मलमल स्वतः सोडली. "चष्मा कुठे ठेवलास?" बाबांनी विचारलं. खिडकी वहीएवढी झाली. मी तिसरी सोडली. खाणारा प्रत्येक वेळी वाढत होता. बरणी पुरेना, तेव्हा तो खुर्चीवर बसू लागला.

सगळी पिल्लं खालच्या कढीपत्त्यावर सोडून दे, हे सांगायला आत्या आली. ती वाकून आत शिरली. खुर्चीवरून आवाज आला, "शालू, आमटीत गूळ कमी पडलाय." आत्यानं पदर तोंडाशी धरला.

"जन्मभर अंडं शिवलं नाही माझ्या भावानं," ती म्हणाली. "आता बघ." मग माझा हात धरून म्हणाली, "चल पोरी. दार आहे तोवर चल."

मी म्हटलं, दोन बरण्या राहिल्यात. ती आडवी होऊन बाहेर पडली. थोड्या वेळानं तिथे भिंत होती.

आता बरण्या रिकाम्या आहेत. तो एकटा आहे, माझ्याच उंचीचा. खोली इतकी लहान झाली आहे की आमचे गुडघे एकमेकांना टेकतात. त्याला सगळं बोलता येतं. गॅस बंद केलास का, विचारतो. भाडेकरूंची चौकशी करतो.

"जेवलीस का," तो म्हणतो, आणि जिथे माझं नाव यायला हवं तिथे थांबतो. त्रिकोणी डोकं वळवून एकेका बरणीत बघतो. मग माझ्याकडे.

"एवढंच राहिलंय," तो हळूच म्हणतो.

मी केस वर बांधते आणि मान पुढे करते.