दोन शिटांची गाडी

माणसानं गाडी घ्यावी, न्हाई कोण म्हणतं? पण घरात खाणारी तोंडं पाच आन् गाडीला शिटं दोन! असली गाडी घेणारा माणूस उभ्या शिरूर-दौंडात एकच निघाला, आन् त्यो बरोब्बर माझ्याच पदरात पडला.

आमचे मालक दौंडला रेल्वेच्या लोको शेडात फिटर. चौऱ्याहत्तर साल. पेट्रोलचं भाव असं चढलं व्हतं, की भल्याभल्यांनी गाड्या झाकून ठेवल्या. तिथल्या रेल्वे कॉलनीत हॉकिन्स म्हणून एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऱ्हायचा. त्याचं समदं बिऱ्हाड आस्ट्रेलियाला निघालं आन् त्याची गाडी मागं ऱ्हायली. इंग्लंडची, हिरवी, शर्यतीची गाडी म्हणं! वर टप न्हाई, दार गुडघ्याएवढं, मागं पेट्रोलची टाकी आन् टाकीला बांधलेलं एक चाक. फुकटात बी घेईना कुणी. त्यो साहेब आमच्या मालकांना म्हणाला, "बन्सी, तू धा वर्सं माझं इंजिन बघितलंस, ही बी तुझ्याच हाताखाली जगंल." झालं! घरावर पत्रा घालायला ठेवलेलं पैसं गेलं. आन् मला कवा सांगितलं? गाडी दारात आणून उभी केल्यावर!

"घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं!" मी म्हणले. "पोरं कुठं बसवायची? चाकाला बांधायची?"

"अगं, आवाज तर ऐक तिचा."

"आवाजावर भाकरी भाजू का?"

हसले नुसते. त्या माणसाला राग कवा येतच न्हाई, ह्योच माझा सगळ्यात मोठा राग.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. नाव मुद्दाम सांगत न्हाई. सांगितलं की म्हणतील, चांगुणानं गावाची अब्रू काढली. असती तर काढली असती ना!

गाडी इतकी बुटकी, की आमच्या गाडीवाटंनं तिचं पोट घासायचं. मग मालकांनी सुट्टीच्या दिवशी एकेक उद्योग काढला. चाकांवरच्या चारी कमानीत, म्हंजी स्प्रिंगात, एकेक पाटा जास्तीचा घातला आन् गाडी चार बोटं उचलली. सायलेन्सर खालनं काढून कडंला वर घेतला. पावसासाठी ताडपत्रीचा टप केला. त्यो मी शिवला, दोन सुया मोडल्या. पुस्तक न्हाई, गॅरेज न्हाई, समदं दारातल्या लिंबाखाली. तोंडानं मी शिव्या देत व्हते, पण खरं सांगते, हात जोडीला लावला तशी मला बी ती गाडी आपली वाटाया लागली. संध्याकाळी पुसून ठिवली की बरं वाटायचं.

आमच्या गाडीचा एक आशिक व्हता. सोपानराव बागाईतदाराचा थोरला, पोपट. शिरूरला कॉलेजात जायचा. दर रविवारी हजर. "बन्सीमामा, एक चक्कर! बन्सीमामा, पाटसपातूर!" मालक त्याला शेजारी बसवून डांबरी रस्त्यानं पाटसला न्यायचे, आन् ह्यो बाबा वाऱ्यावर केस सोडून गाणी म्हणायचा. येताना मात्र वेशीच्या अलीकडं ओढ्यालाच उतरायचा. मला वाटायचं, बापाला भीत आसंल. आमच्याकडचा चहा बी त्यानं कवा घेतला न्हाई. "आत्ताच घेतलाय मामी," म्हणायचा. मी बी खुळी, खरं मानायची.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात पोपटाचं लगीन ठरलं. आमच्याकडं नवरदेव मुलीच्या गावाला निघायच्या आधी त्याला घोड्यावर बसवून, वाजतगाजत मधल्या आळीतनं मारुतीपातूर मिरवत न्हेत्यात. ही मधली आळी म्हंजी गावाची मान. आमच्या बौद्ध वस्तीची एक बी मिरवणूक त्या आळीतनं कवा गेली न्हाई. आमचं समदं बाहेरनं, नदीच्या वाटंनं. कायदा न्हाई, कागद न्हाई, पण कुणी जायचं न्हाई म्हंजी न्हाई.

आन् एक दिवस सोपानराव सोता आमच्या लिंबाखाली आले. घोडा नको, पोपटाला बन्सीची गाडीच पाहिजे! मालकांचा चेहरा बघायला पाहिजे व्हता. गाडी मधल्या आळीतनं जाणार आन् चाक त्यांच्या हातात असणार. त्यांना दुसरं काय दिसंनाच.

"फकस्त एक कर," सोपानराव म्हणाले, "घोड्यावर नवरदेव उंच दिसतो. तसं मागं, टाकीच्या वर, एक उंच शीट कर. लोकांना पोरगं दिसलं पाहिजे."

रास्त वाटलं मला. लागले कामाला. लोखंडी अँगल कापलं, बाभळीची फळी बसवली, आठ बोल्टांवर समदं आवळलं. त्या बोल्टाचं असं असतं, वरनं एकानं फिरवायचा तर खालनं दुसऱ्यानं पान्यानं नट धरायला लागतो, न्हाईतर त्यो जागच्या जागी फिरत बसतो. मालक गाडीखाली झोपायचे, मी वरनं फिरवायची. गादीत काथ्या भरला, वर लाल रेक्झिन. शिवण अशी घातली, की दौंडच्या कारागिरानं तोंडात बोट घालावं.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी रेक्झिनचा उरलेला तुकडा घेऊन मी सोपानरावाच्या वाड्यावर गेले. म्हणलं, नवरदेवाच्या फेट्याचा रंग त्याला जुळतो का बघावं. पोपटाच्या आई, कस्तुराबाई, अंगणात तांदूळ निवडत बसल्या व्हत्या. तुकडा मी पायरीवर ठेवला, त्यांनी लांबनंच बघितला.

"चांगलं झालं बाई, तुझ्या मालकानं मागं शीट केलं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर पोपटाला खांद्याला खांदा लावून शेजारी बसायला लागलं असतं. हळद लागलेलं अंग. इटाळ नको."

आन् फिरून तांदळातला खडा वेचला! राग न्हाई, लोभ न्हाई. ऊन वाढलंय म्हणावं तसं म्हणाल्या. मी काय बोलले? काय न्हाई. माझी जीभ, जिला उभी वस्ती भिते, ती टाळ्याला चिकटली. ते मला आज बी खातंय. तुकडा उचलला आन् घरला आले. तळपायाची आग मस्तकाला गेली व्हती.

मालक गाडीचं पितळ घासत व्हते. मी समदं सांगितलं. वाटलं, आता तरी ह्या माणसाचं डोकं फिरंल. तर ते पितळ घासतच ऱ्हायले.

"तुम्हाला ठाऊक व्हतं?" मी इचारलं.

"व्हय."

"कवापासनं?"

"सोपानराव आले त्याच दिवसापासनं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, बन्सी, राग मानू नको, घरातल्या बाया ऐकत न्हाईत."

"आन् तुम्ही राग न्हाई मानला! माझ्याकडनं गादी शिवून घेतली! दोन म्हयनं मी हात सोलून घेतलं ते कशासाठी, तर त्या पोराला तुमचा खांदा लागू नये म्हणून!"

"हळू बोल चांगुणा. माझं ऐक. एकदा गाडी आळीतनं गेली की गेली. चार वर्सांनी आपल्या रंभीचं लगीन निघंल. तवा कोण म्हणंल, ह्यांची गाडी आळीतनं नको? वाट तर उघडंल."

"गाडी जाईल. तुम्ही कुठं जाताय? बैल बी जातो आळीतनं, त्याला कुणी अडवलंय?"

त्यांचं फडकं पुन्हा पितळावर फिराया लागलं. पण मी कशी गप ऱ्हाईन? "हॉकिन्स साहेबाच्या इंजिनात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं ऱ्हायलात, तवा त्याच्या अंगाला फोड आले का? आन् छप्पन साली नागपूरला जाऊन आलात, ते काय पोपटाचं शीट उंच करायला? वाट उघडायची तर माणसासारखी उघडा. खाली मान घालून उघडलेल्या वाटंनं माझी रंभी जायची न्हाई. मी जाऊ द्यायची न्हाई!"

रडू यायला लागलं, त्याचा आणखीन राग आला. मी पाना उचलला आन् शीट काढायला लागले. पण खाली नट धरायला कोण? बोल्ट जागच्या जागी फिरतोय गरागरा. मी फिरवतेय, त्यो फिरतोय. आमची रंभी तवा नववीला व्हती. ती पुढं झाली, "आये, मी खाली जाते," म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," मालक म्हणाले. "तुला जमायचं न्हाई."

मला वाटलं, आता पाना हिसकून घेत्यात. तर त्यांनी सदरा काढला, घडी करून लिंबाच्या बुडाला ठेवला आन् गाडीखाली झोपले. दुसरा पाना नटाला लागल्याचा आवाज आला. मग खालनं म्हणाले, "फिरव."

आठ बोल्ट काढले. शेवटचा निघाल्यावर ते बाहेर आले, डोळं लाल झालेलं. म्हणाले गंज पडला डोळ्यात. मी बी व्हय म्हणले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही दोघं गाडी घेऊन वेशीपाशी गेलो. बाहेरगावचे वाजंत्री आळीच्या तोंडाला तोंड करून सज्ज. त्यांच्या मास्तरला बजावलेलं, गाडी हालली की वाजवायला लागायचं आन् मारुती येईस्तवर थांबायचं न्हाई. पोपट फेटा बांधून, हातात कट्यार घेऊन उभा. उभा गाव जमलेला. मी उतरून कडंला उभी ऱ्हायले.

सोपानरावांनी गाडीला एक फेरा मारला. "बन्सी, शीट कुठाय?"

"हाय की. दोन हायत," मालक म्हणाले. "हे माझं, आन् हे नवरदेवाचं. साहेबाच्या येळेपासनं दोनच हायत."

"मस्करी करतोस व्हय रं? आयत्या वक्ताला?"

"न्हाई आप्पा. बसू द्या त्याला. जपून न्हेतो."

कुणी खाकरलं, बायका कुजबुजल्या. कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. मी पोपटाकडं बघत व्हते. म्हणलं, शिकलेलं पोरगं हाय, त्याला गाडीचा लळा हाय, त्यो बसंल. मनातनं मी त्याला बस, बस म्हणत व्हते. त्यो खाली बघाया लागला. मग माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई.

"काय रं पोपट? पाटसच्या रस्त्याला तर दर रविवारी शेजारी बसून गाणी म्हणायचास! तवा इटाळ कुठं गेला व्हता? आज काय झालं?"

समदे त्याच्याकडं बघाया लागले. बाप बी. पोपटाचं तोंड उतरलं. कट्यार ह्या हातातनं त्या हातात घेतली आन् त्यो म्हणाला, "मी? मी कवा बसलो न्हाई. ह्यांच्या गाडीत मी कशाला बसंन?"

दर रविवारी मामा म्हणणारं पोरगं! ज्यानं त्या चाकाला हात लावायला मालकांच्या इनवण्या केल्या! मला त्याच्या थोबाडीत मारायची व्हती. पण माझी नजर मालकांकडं गेली. शिटाचं त्यांनी पोटात घातलं व्हतं, इटाळाचं बी घातलं असतं. हे मात्र त्यांना लागलं. चाकावरचे हात घट्ट झाले.

"चांगुणा," ते म्हणाले, "बस."

"काय?"

"बस शेजारी."

पुढं काय व्हईल ते मला बसतानाच ठाऊक व्हतं. तसंच झालं बी. गावच्या गिरणीत चार म्हयनं आमचं दळण घेतलं न्हाई, शेतावर रोजगार न्हाई, रंभीला शाळंत टोमणं. पण तवा मी दार उघडलं आन् बसले. कशी न्हाई बसणार? मालकांनी गेर टाकला, गाडी हालली. आन् वाजंत्र्यांना जे सांगितलं व्हतं तेच त्यांनी केलं, पुढं बघून वाजवाया लागले!

मागं सोपानराव वरडत व्हते, "अरं थांबा, थांबवा!" पण ताशापुढं कुणाला ऐकू येतंय? आळी इतकी अरुंद, की गाडीच्या कडंनं माणूस पुढं जाऊ शकत न्हवता. पायऱ्यांवर बाया तांदूळ घेऊन उभ्या व्हत्या; दोघींनी सवयीनं टाकलं बी, मग बघितलं आन् हात तसाच वर ऱ्हायला. मी पदर सारखा केला आन् मान ताठ ठेवली. रडत व्हते का? व्हय, रडत व्हते. रागानं बी आन् आनंदानं बी.

मारुतीपाशी गाडी थांबली. मास्तरनं वाजप थांबवलं, घाम पुसला, आन् नवरदेवाला उतरवायला मागं वळला. आमच्याकडं बघतो तर पांढरं झालेलं डोकं, खाकी सदरा, आन् शेजारी मी, चाळिशीला टेकलेली बाई.

"आवो," त्यो म्हणाला, "नवरदेव कुठाय?"

"मीच," मालक म्हणाले. "आन् ही नवरी. अठरा वर्सं झाली लग्नाला, वरात तेवढी ऱ्हायली व्हती. वाजवा तुम्ही."