मोहाच्या झाडाचा दावा

खानदेशातल्या कळसाडीच्या पितांबर पाटलांचा गिरधर वकील झाला, पण तेवढ्यावर त्याचं समाधान होईना. पुण्यात राहून तो एलएल.एम. करू लागला, आणि विषय घेतला सातपुड्यातल्या पंचांच्या रिवाजांचा. साल होतं १९६२. भाऊबंद विचारत, "कोर्टमा उभा कव्हय ऱ्हाशी?" प्राध्यापक तर त्याहून कडक. "डोळ्यांदेखत झालेला एक खरा निवाडा सुट्टीत लिहून आणा. नाहीतर विषय सोडा आणि चारचौघांसारखा कंपनी कायदा घ्या."

गिरधरला एका प्रश्नानं पछाडलं होतं. शेत एकाचं, त्यातलं मोहाचं झाड दुसऱ्याच्या घराण्याचं, मग खाली पडलेली फुलं कुणाची?

धडगावहून चालत तो एका पाड्यावर पोचला. तिथले म्हातारे पंच जामसिंग. पाड्यातल्या बहुतेकांसारखी त्यांनाही बाजारापुरती अहिराणी येई. गिरधरनं वर्गात विचारतात तसा फुलं वेचून नेण्याचा प्रश्न टाकला, "समजा, नवलसिंगनी मगनना झाडना मोह येची लिधा. मंग?" दोन्ही नावं त्यानं वाटेत चहाच्या टपरीवर ऐकली होती. ओठांवर आली ती घेतली, झालं!

"सकाय ये," जामसिंग एवढंच म्हणाले.

सकाळी बघतो तर अख्खा पाडा जमलेला. पंचांपुढे कुणी नाव घेऊन बोललं की तिथं ती फिर्यादच ठरे. याच पाड्यातला मगन आला होता, नवलसिंगही आला होता. आपण काय करून बसलो ते गिरधरला कळलं. तरी खोटं कशाला बोला, खरा निवाडा मिळणार म्हणून हातानं वही उघडलीच.

"मन्हं नाव काबर लिधं?" नवलसिंग बायकोच्या अबोल्यानं वैतागून म्हणाला. "रातपाईन घरनी मन्हासंगे बोलत नही."

हे नुसतं उदाहरण होतं, पुस्तकात असंच असतं, वगैरे गिरधरनं परोपरीनं सांगितलं. मगननंही दुजोरा दिला, त्याची फुलं कुणी नेलीच नव्हती.

"तंटा नही ते न्याय कसाना?" जामसिंग म्हणाले. मग पंच आपसात बोलले आणि निवाडा झाला तो गिरधरविरुद्धच, खोटं नाव घेतल्याबद्दल. नवलसिंगला बरोबर घेऊन त्यानं पाड्यातल्या घराघरापुढे उभं राहायचं आणि आपल्या तोंडानं त्याचं नाव धुऊन द्यायचं.

वकिलीची सनद असलेला माणूस दिवसभर उन्हात दारोदार बोलत फिरला, "नवलसिंगनी काहीच करेल नही. मन्ही चूक व्हयनी." पहिल्या दारी जीभ अडखळली. पुढे पुढे त्याला खरंच लाज वाटू लागली. शेवटचं घर नवलसिंगचं. त्याच्या बायकोनं, भिकुबाईनं, सगळं ऐकून घेतलं.

"परत बोल," ती म्हणाली.

तो परत बोलला. तेव्हा कुठे तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघांना पाणी दिलं.

धडगावला परतून गिरधर लिहायला बसला. फुलांचा प्रश्न तसाच राहिला होता, पण निवाडा खरा होता, डोळ्यांदेखत झाला होता. मग आरोपीचं नाव लिहायची वेळ आली. नुसतं 'अ' लिहिलं असतं तरी चाललं असतं, ग्रंथांत तशीच रीत असते.

त्यानं पूर्ण नाव लिहिलं, गिरधर पितांबर पाटील, राहणार कळसाडी.